जव्हारला फुलं पाठवायची तर

माझ्या लेकीला जव्हारला फुलं पाठवायची होती. तिची पहिली ते चौथीची शाळा आजोळी, जव्हारला झाली. तेव्हाच्या तिच्या बाई आता पंच्याहत्तर वर्षांच्या होणार होत्या. लेक ठाण्यात एका मालवाहतूक कंपनीत गाड्यांचे मार्ग आखते. माझा धाकटा भाऊ पोस्टमन म्हणून निवृत्त झाला आणि आता जव्हारजवळ मोगऱ्याची छोटी बाग करतो. फुलं कशी पोचवायची यावरून मामा-भाचीत फोनवर जुंपली आणि मी मधे बसून ऐकत होते. डोंगरातल्या लहान गावात आपलं माणूस असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारे प्रश्न त्यात आले, म्हणून तो वाद इथे देते आहे.

भाची : मामा, साइटवर ४०१६०३ टाकलं. डिलिव्हरी मिळेल म्हणतात. बारा लाल गुलाब, कार्ड, परवा दुपारपर्यंत घरपोच. पैसे भरू ना?

मामा : बाळा, ४०१६०३ म्हणजे नुसतं जव्हार नव्हे. आजूबाजूची किती गावं नि किती पाडे त्या एका पिनवर आहेत! बाई राहतात दाभोशाच्या रस्त्याला, डांबरी सोडून आत. पिन बघून पत्र जव्हारच्या पोस्टात येतं एवढंच. तिथून पुढे पोस्टमनला माणूस माहीत असावा लागतो.

भाची : म्हणून तर फोन नंबर घेतात.

मामा : बाईंच्या घरी रेंज येते ती ओट्याच्या एका कोपऱ्यात. त्या स्वयंपाकघरात असल्या तर फोन लागायचा नाही. तुझा डिलिव्हरीवाला फाट्यावर उन्हात उभा राहील, दोनदा फोन लावील आणि परत जाईल. त्याचा काही दोष नाही. त्याला दिवसभरात वीस घरं करायची असतात.

भाऊ उगाच बोलत नव्हता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला तो पत्रांची छाननी सोपी व्हावी म्हणून, आणि ते काम तो आजही चोख करतो. पत्र चार दिवस टपालपिशवीत राहिलं तरी त्यातली अक्षरं सुकत नाहीत. फुलांच्या खोक्याला तो पिन लावला की मधल्या प्रत्येक तासाची किंमत मोजावी लागते.

भाची : बरं, खोक्याचं सांगते, कारण माझा धंदाच तो आहे. गावात यांचा ठरलेला फुलवाला असेल तर ऑर्डर त्याच्याकडे जाते. नसेल तर फुलं शहरातून खोक्यात भरून कुरियरने पाठवतात. गुलाब बहुधा तळेगाव-मावळच्या पॉलीहाउसमधला असतो. तोडला की लगेच पाण्यात, मग शीतगृहात, दोन ते चार अंशांवर. तोडलेलं फूल जिवंतच असतं, मामा. श्वास घेत असतं, साठवलेली साखर जाळत असतं. थंडीत त्याचा वेग मंदावतो म्हणून ते टिकतं.

मामा : आणि ती थंडी कुठपर्यंत?

भाची : ठाण्यापर्यंत धरून चाल. नशीब असेल तर मनोरपर्यंत.

मामा : पुढे?

भाची : पुढे साधा टेम्पो.

मामा : वैशाखातला टेम्पो. त्यात आंब्याच्या पेट्याही असणार.

भाची : हो, आणि ते वाईट. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो. कार्नेशनसारखं फूल त्याने पाकळ्या आत वळवून घेतं, मग उमलतच नाही. गुलाबाचं दुखणं निराळं. थंड फूल एकदम दमट हवेत आलं की पाकळ्यांवर पाणी धरतं आणि करडी बुरशी चढते. वरून बघावं तर फूल ताजं, आतल्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके. माझ्या मैत्रिणीने गेल्या वर्षी तिच्या आजीला असंच खोकं पाठवलं होतं. आजीने कौतुकाने फोटो काढून धाडला. त्यात जर्बेऱ्याच्या सगळ्या माना खाली लोंबत होत्या.

मामा : एवढं सगळं ठाऊक असून तू पैसे भरायला निघालीस?

भाची : कारण तिथे दर लिहिलेला असतो. आपली ऑर्डर कुठे आहे ते दिसतं. नाही पोचली तर भांडता येतं. तुमच्या बाजारातल्या फुलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, ‘ताई, बघतो, देतो.’ काय देणार, किती वाजता, कितीला, काही सांगत नाही. शिवाय सकाळचा हार पाणी मारमारून संध्याकाळपर्यंत विकतात, ते मी लहानपणी रोज बघितलंय.

मामाला हे मान्य करावं लागलं आणि त्याने ते केलं. जव्हार काही आडरान नव्हे. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. इथली नगरपरिषद १९१८पासूनची. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर असल्यामुळे पालघर जिल्ह्याची थंड हवेची जागा म्हणून लोक येतात, पावसाळ्यात दाभोशाच्या धबधब्याला गर्दी करतात. तरीही फुलांचं दुकान इथे हार, वेण्या आणि पूजेच्या पुड्यांवरच चालतं. गुलाब आणि जर्बेरा नाशिकहून येतो तो सांगितला तरच, आणि पावसाळ्यात तोरंगण घाटात दरड आली की तोही नाही. अशा दुकानदाराने दहा प्रकारच्या बुक्यांचं दरपत्रक कुठून लावावं?

मामा : मला एक सांग. बाईंना गुलाबच का?

भाची : साइटवर गुलाब, लिली, शेवंती नि कार्नेशन एवढंच आहे.

मामा : म्हणजे जे खोक्यात टिकतं ते. आणि मी सकाळी काय खुडतो?

भाची : मोगरा.

मामा : जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तिन्ही तालुक्यांत आता मोगरा आहे. आदिवासी शेतकऱ्यांनी लावला, वाढवला. पूर्वी दिवाळी झाली की जी घरं वीटभट्टीवर जायची, त्यांतली काही आता बागेमुळे गावात राहतात. अंधारातच बायका खुडायला येतात. कळी पूर्ण भरलेली, पांढरीशुभ्र, पण मिटलेली हवी. हिरवट तोडली तर उमलत नाही, उमललेली तोडली तर दादरला कुणी हात लावत नाही. सकाळी खुडलेली कळी संध्याकाळी उमलते, रात्रभर दरवळते आणि दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. तिचं सगळं आयुष्य एवढंच. त्यातले निम्मे तास प्रवासात गेले तर माणसाच्या हाती काय लागणार?

भाची : पण तुझा मोगरा दादरलाच जातो ना? लांबच पाठवतोस की तूही.

मामा : जातो तर! सकाळच्या गाडीने करंड्या निघतात, दुपारपर्यंत दादरच्या मीनाताई ठाकरे फुलमंडईत. जव्हारात चार गजरे विकून बाग चालत नाही, बाग दादरच चालवतं. लग्नाची तिथी असली की भाव चढतो, नसली की खुडण्याची मजुरीही सुटत नाही. लांब पाठवण्याशी माझं भांडण नाहीच. जिथे फूल पिकतं तिथल्या बाईंना तू मावळचा गुलाब पाठवतेस आणि इथली कळी त्याच रस्त्याने उलट उतरून जाते, याच्याशी भांडण आहे.

इथे लेकीने तिच्या धंद्यातली एक गोष्ट काढली आणि वादाला निराळं वळण लागलं.

भाची : मामा, दुसऱ्या गावी फुलं पाठवण्याची जी जुनी रीत आहे ना, तिच्यात फुलं जातच नसत. अमेरिकेत १९१० साली फुलवाल्यांनी एकत्र येऊन ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’ काढली. तुम्ही तुमच्या गावच्या फुलवाल्याला पैसे द्यायचे, तो समोरच्या गावातल्या फुलवाल्याला तार करायचा आणि तिथला फुलवाला तिथलीच ताजी फुलं घेऊन त्या घरी जायचा. प्रवास फक्त निरोपाचा.

मामा : तारेने! आणि आपल्याकडची तार २०१३च्या जुलैत बंद केली. अगं, मग हीच रीत बरोबर आहे की. निरोप तू धाड, फुलं इथली.

भाची : रीत बरोबर आहे, पण तिच्यात दोन्हीकडे दुकानदार होते, हिशेब होता आणि दोघांचे पैसे ठरलेले होते. तुझ्या पद्धतीत काय आहे? तू कळ्या फुकट देणार. मामी पहाटे उठून त्या निवडणार, फुकट. शेजारचा पोरगा मोटारसायकलने दाभोशाच्या रस्त्याला जाणार, तोही फुकट, कारण ‘पोस्टमनकाकांनी सांगितलं’. माझी सोय झाली म्हणून मी खूश. पण हा धंदा नाही, मामा, ही वेठ आहे. आणि ज्याचा मामा जव्हारला नाही त्याने काय करायचं? पुण्यातल्या एखाद्या मुलाला मोखाड्यातल्या आजीला फुलं द्यायची असतील तर त्याने कुणाला काका म्हणायचं?

भाऊ यावर बराच वेळ गप्प होता. मला विचाराल तर सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. डोंगरातल्या गावात फुलं ओळखीनेच नीट पोचतात, हे खरं. त्या ओळखीचा मोबदला मात्र आपण शहरातली माणसं क्वचित देतो. साइटला निमूटपणे डिलिव्हरीचे शंभर-दीडशे मोजणारे आपण गावच्या पोराला मात्र ‘येता-जाता देऊन टाक रे’ म्हणतो. फुलांचं काम त्या गावच्या माणसाकडे द्यावं, आणि देताना शहरातल्या कंपनीला जेवढे दिले असते तेवढे पैसे त्यालाही द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. असे पैसे चार ठिकाणांहून येऊ लागले तर बाजारातला फुलवाला दरही सांगेल, वेळही पाळेल. त्याला आज तसं करण्याचं कारणच आपण दिलेलं नाही.

मामा : बरं, पैशाचं मान्य. पण ऑर्डर कशी द्यायची तेही शिकून घ्या तुम्ही लोक. ‘बारा लाल गुलाब’ असं सांगायचं नाही. माणूस कोण, प्रसंग काय, किती रुपयांपर्यंत, हे सांगायचं आणि फूल आमच्यावर सोडायचं. आज निशिगंध चांगला आला असेल तर निशिगंध, झेंडू टपोरा असेल तर त्याचं तोरण. सकाळी आठाला फोन करून दहाला फुलं मागायची नाहीत, आदल्या संध्याकाळच्या आत सांगायचं, म्हणजे खुडताना बाजूला काढता येतात. वेळ सकाळची घ्यायची. आणि पत्त्यात घर क्रमांक नको, खूण हवी. मारुतीच्या देवळामागे, हापशीसमोर, असं.

भाची : आणि तो हिरवा स्पंज नको. बुक्याच्या तळाशी असतो तो.

मामा : तो का नको?

भाची : तो कुजत नाही. शहरात निदान कचऱ्याची गाडी येते. बाईंच्या घरामागे तो वर्षानुवर्षं पडून राहील.

मामा : मग पळसाच्या पानांत बांधू. सुती फडकं ओलं करून पिळायचं, त्यात कळ्या, बाहेरून पानं. तुझी मामी असंच बांधते. फडकं नीट पिळलं नाही तर कळ्या आतल्या आत शिजल्यासारख्या होतात, त्यासाठी ती ते दोनदा पिळते आणि गालाला लावून बघते.

भाची : ठरलं तर. मोगऱ्याचा गजरा, बाईंच्या अंबाड्यावर.

मामा : (थांबून) त्यापेक्षा निशिगंधाच्या काड्या देऊ. फुलदाणीत छान दिसतील.

भाची : आत्ता तर तू मोगऱ्याचं एवढं सांगत होतास!

मामा : बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, बाळा. तेव्हापासून बाईंनी फूल माळलेलं नाही. वाढदिवसाला गावातली माणसं जमणार. त्यांच्यासमोर मी गजरा काढून हातात द्यायचा म्हणजे... त्यांना अवघडल्यासारखं होईल.

भाची : बघ! म्हणून मला साइट बरी वाटते. तिथला मुलगा दारात खोकं ठेवतो आणि जातो. बाई सवाष्ण आहे का, हा प्रश्न त्याला पडत नाही. तुझ्या ओळखीच्या माणसाबरोबर गावाचे नियमही घरात येतात.

मामा : आणि तुझ्या अनोळखी माणसाने गजरा दिला, बाई चारचौघांत ओशाळल्या, तर? तो निघून गेलेला असेल. त्यांना तिथेच राहायचंय.

दोघांचे आवाज चढले होते. मला एक ठराव आठवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं नको, कुंकू पुसणं नको, असं गावाने ठरवलं. पुढे राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. तो ठराव मोलाचाच होता. पण कुठल्या गावच्या कुठल्या बाईने आज केसांत फूल माळावं, हे ठराव सांगू शकत नाही, पोस्टमनही नाही आणि ठाण्यातली विद्यार्थिनीही नाही. भावाला बाईंचं घर माहीत होतं, पण घर माहीत असणं वेगळं आणि घरातल्या बाईच्या वतीने ठरवणं वेगळं. आणि माझ्या लेकीला ज्याचा आधार वाटत होता, तो साइटवरचा मुलगा काही धीट नसतो. खोक्यात काय आहे हेच त्याला ठाऊक नसतं. जवळच्या माणसाला एक गोष्ट करता येते जी खोक्याला येत नाही. तो जाऊन विचारू शकतो.

मी तेवढंच म्हटलं, “बाईंना विचारा की.”

फोन मामीने लावला. तिसऱ्यांदा लागला, म्हणजे बाई ओट्याच्या त्या कोपऱ्याशी आल्या असाव्यात. मामीने आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुमची अमुक विद्यार्थिनी मोगरा पाठवते म्हणते, गजरा करून पाठवू की सुटी फुलं पाठवू? पलीकडून बाईंचा आवाज शाळेत घुमायचा तसाच खणखणीत आला.

“कळ्या पाठव, आणि दोराही पाठव. गजरा गुंफायला अजून विसरलेले नाही मी. पुढे त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन.”

मग दोघे कामाला लागले. बाईंकडे माणसं अकराच्या सुमारास जमणार होती. तेव्हा कळ्या नऊच्या आत पोचायला हव्यात, म्हणजे बाईंना गुंफायला वेळ मिळेल आणि संध्याकाळी त्या उमलतील तेव्हा घरात गर्दीही नसेल. पाव किलो पुरे, असं मामी म्हणाली. भाचीने अर्धा किलो सांगितलं. ‘एका बाईला इतका मोगरा कशाला?’ असं मामाने विचारल्यावर तिने उत्तर दिलं, की बाई पहिल्यांदा शेजारच्या पोरींना वाटतील, शाळेतही त्या खाऊ असाच वाटायच्या.

मामा : दादरला काल जो भाव लागला तोच लावतो. पोराला पन्नास दे.

भाची : जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरला पन्नास? पेट्रोलच तेवढ्याचं होईल. त्याचा सकाळचा दीड तास कुठे धरलास? आणि मामीचा?

मामा : मामीचे कसले पैसे?

भाची : खुडणाऱ्या बायकांना किलोमागे देतोस ना? मग निवडून, बांधून देणाऱ्या बाईला का नाही? तू आकडा सांग, नाहीतर मी सांगते.

भावाने आकडा सांगितला. लेकीने तो वाढवला, मामीचे पैसे मामीच्या नंबरवर वेगळे पाठवले आणि मोटारसायकलवाल्या पोराचा नंबर मागून घेतला.

भाची : याचं नाव नि नंबर मी ऑफिसात देणार आहे. फुलं पाठवायची म्हणणारे इथे बरेच आहेत. त्या मैत्रिणीची आजी मोखाड्याला असते, पुढच्या महिन्यात तिची एकसष्टी की काय आहे. ती काही तुझ्या ओळखीची नाही, आधीच सांगते. नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा दर लावायचा.

मामा : मोखाड्याला कुठे? गावात की पाड्यावर?

भाची : विचारून सांगते.

मामा : आणि आजीला काय आवडतं, तेही विचार.